केएच रोज थोडा उतरतो, रोज तेवढाच भरा

खाऱ्या टाकीची प्रश्नोत्तरं

गेल्या अंकात प्रवाळांच्या टाकीबद्दल प्रश्न मागवले होते. शहापूर, निपाणी, खानापूर, संकेश्वर, कारवार, थेट भालकीहूनही पत्रं आली. मासे आजारी पडले म्हणून लिहिणारं त्यात जवळजवळ कुणी नाही. सगळे अडलेत ते कॅल्शियम आणि केएचपाशी. रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि टिळकवाडीच्या घरात आज खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की केएच म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी, आम्ल पचवायची ताकद. टाकीत ती मुख्यतः विरघळलेल्या बायकार्बोनेटची असते. ती आपण डीकेएच या अंशांत मोजतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम पीपीएममध्ये, म्हणजे दर दहा लाख भागांत किती भाग.

प्रश्न : बाई, माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. हॅमर, टॉर्च आणि थोडे ॲक्रोपोरा असे दगडी प्रवाळ आहेत. दर रविवारी टेस्ट करतो. कॅल्शियम ४२० च्या आसपास असतं, पण केएच ७ वर आलेला असतो. मग पावडर घालून १० वर नेतो. पुढच्या रविवारी परत ७. आता ॲक्रोपोराची टोकं पांढरी पडायला लागलीत. केएच नक्की किती ठेवायचा, ८ की ९? तेवढं सांगा.
— शहापूर, बेळगाव

उत्तर : ८ ठेवलात तरी चालेल, ९ ठेवलात तरी चालेल. खुल्या समुद्रात केएच साडेसहा-सातच्या घरात असतो आणि प्रवाळ तिथे हजारो वर्षं वाढतायत. टाकीत ७ ते ९ मधला कुठलाही आकडा धरा आणि त्यालाच चिकटून राहा. ॲक्रोपोराला सोसत नाही ती दर रविवारची ३ डीकेएचची उडी. आठवडाभर तो हळूहळू उतरत्या पाण्याशी जुळवून घेतो आणि अर्ध्या तासात तुम्ही त्याला दुसऱ्याच पाण्यात नेऊन ठेवता. दिवसभरात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका, एवढा नियम आजपासून पाळा. टोकं पांढरी पडतात तेव्हा मला पहिला संशय या उड्यांचा येतो. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य असेल तर चढा केएच आणखी बाधतो, म्हणून त्या दोन्ही टेस्टही एकदा करून घ्या.

आता कॅल्शियम ठीक आणि केएच मात्र घसरलेला, असं का दिसतं ते बघा. प्रवाळ आपला सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही उचलतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. दोन्हींचं प्रमाण ठरलेलं आहे. २.८ डीकेएच खर्च झाला की त्याच्या जोडीला साधारण २० पीपीएम कॅल्शियम खर्च होतं. ४२० मधले २० गेले तर किटमध्ये धड उमटतही नाहीत. ८ मधले २.८ गेले तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेलं. म्हणजे तुमचं कॅल्शियमही उतरतंय, फक्त त्याची कोठी मोठी आहे. केएचची कोठी लहान, म्हणून नजर तिच्यावर. कॅल्शियम आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरतं. केएच, निदान घडी बसेपर्यंत, रोज बघायचा. रोज म्हणजे रोज ठरलेल्या वेळी. दिवे लागल्यावर खर्च वाढतो, रात्री कमी होतो, त्यामुळे आज सकाळचा आणि उद्या रात्रीचा आकडा शेजारी मांडून काही कळत नाही. मी सकाळी दिवे लागायच्या आधी बघते.

तुमच्या टाकीचा खर्च काढू. बाहेरच्या मापाने ती नऊ घनफूट, म्हणजे २५५ लिटर भरते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी २०० लिटरच्या आसपास असेल. डोस या २०० वर धरायचा, २५५ वर नाही. आठवड्यात ३ डीकेएच जातो, म्हणजे दिवसाला ०.४ च्या थोडा वर. खात्रीसाठी केएच ८ च्या जवळ असताना तीन दिवस काहीही घालू नका. पहिल्या आणि चौथ्या सकाळी मोजा आणि फरकाला तीनने भागा. हा तुमच्या टाकीचा रोजचा खर्च. दुसऱ्याच्या टाकीचा आकडा तुमच्या कामाचा नाही, भले माप तेच असो.

खर्च कळला की दोन बाटल्या तयार करा. एकीत एक लिटर शुद्ध आरओ पाण्यात ६० ग्रॅम खाण्याचा सोडा. दुसरीत एक लिटर पाण्यात ५२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. लेबलवर डायहायड्रेट लिहिलेलं बघूनच घ्या. ॲनहायड्रस मिळालं तर ते ३९ ग्रॅमच लागेल. ते पाण्यात टाकताना बाटली तापते, म्हणून थोडं थोडं टाका आणि झाकण लगेच लावू नका. ही वजनं मी अशी धरली आहेत की दोन्ही बाटल्यांतून सारखेच मिलिलिटर घालायचे. तुमच्या २०० लिटरला सोड्याचं १०० मिलि पाणी १ डीकेएच चढवतं आणि कॅल्शियमचं १०० मिलि साधारण ७ पीपीएम. ०.४ चा खर्च असेल तर दोन्हींचं ४०-४० मिलि. सोड्याचं पाणी निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी, वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जोरात. कॅल्शियमचं त्यानंतर तासाभराने. दोन्ही एकाच वेळी एकाच जागी ओतलं तर तिथल्या तिथे पांढरं दुधासारखं होतं आणि दोन्ही वाया जातात.

सोडा म्हणजे नुसता खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नको, पोटासाठी घेतो ती फसफसणारी पावडर तर अजिबात नको. दोन्हीत आम्ल मिसळलेलं असतं. धुण्याच्या सोड्याच्या पुड्यात काय काय असतं सांगता येत नाही, तोही नको. वजनाला सोनार वापरतात तसला छोटा काटा घ्या. चमच्याच्या मापावर माझा विश्वास नाही, कारण आपल्या पावसाळ्यात दमट झालेला सोडा चमच्यात वेगळा बसतो.

आठवडाभर हे करून पुन्हा मोजा. केएच चढत असेल तर ४० चे ३५ करा, उतरत असेल तर ४५. प्रवाळ वाढतील तसा खर्चही वाढणार, त्यामुळे दर महिन्याला हा आकडा तपासायचाच. ज्या महिन्यात तो वाढलेला सापडतो त्या महिन्यात टाकी चांगली चालली आहे असं मी समजते.

प्रश्न : आमचं पान-तंबाखूचं दुकान आहे. चुन्याच्या डब्या घरात पडलेल्याच असतात. कॅल्शियमसाठी लोक जे कल्कवासर वापरतात ते चुन्याचंच पाणी असतं असं ऐकलं. मग आमचा चुना चालेल का?
— निपाणी

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. कल्कवासर म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं निवळलेलं पाणी आणि डबीतला चुनाही मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइडच. तरी डबीतला चुना टाकीत घालू नका. तो चुनखडी भाजून केलेला आहे की शिंपल्या भाजून, त्यात मॅग्नेशियम किती, माती किती, वासाचं किंवा रंगाचं काही घातलंय का, यातलं काहीच डबीवर लिहिलेलं नसतं. पानाला लावायचा चुना चिमूटभर असतो. टाकीत तो वर्षभर, रोज जाणार आणि सोबत आलेलं तिथेच साठत राहणार. केमिकलच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या किंवा खाद्यपदार्थांच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. तेही महाग नाही.

कल्कवासरची पद्धत मात्र मला मनापासून आवडते. त्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात जातात, मागे मीठ साठत नाही आणि पीएचही थोडा वर राहतो. एक लिटर आरओ पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतं, त्याहून जास्त टाकलं तर तळाला बसतं. हलवून झाकण लावा आणि काही तास निवळू द्या. तळाचा साका ढवळायचा नाही, वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. झाकण उघडं राहिलं तर पाण्यावर पातळ, कडक साय धरते, बोटाने दाबली तर तडकते. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून चुन्याचं पुन्हा चुनखडीत रूपांतर झालेलं असतं. जेवढी साय, तेवढी ताकद गेली. बाटली तोंडापर्यंत भरलेली आणि घट्ट बंद ठेवा.

याचा पीएच १२ च्या वर असतो. डोळ्यात उडालं तर इजा होते, म्हणून चष्मा लावूनच काम करा आणि बाटलीवर ठळक लिहून ती पोराबाळांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. टाकीत तांब्याने ओतायचं नाही. सलाइनच्या नळीसारखी नळी लावून, रात्री, थेंबाथेंबाने सोडायचं. टाकीचा पीएच ८.५ च्या वर जाऊ द्यायचा नाही.

आता आपल्या भागातल्या लोकांनी नीट लक्ष द्यावं असा मुद्दा. कल्कवासर आपण टॉपअपच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घालायच्या, पाण्यातून देतो, म्हणजे जेवढं पाणी वाफ होऊन उडेल तेवढंच देता येतं. २०० लिटरच्या टाकीला एक लिटर पूर्ण ताकदीच्या कल्कवासरमधून साधारण ०.५५ डीकेएच आणि ४ पीपीएम कॅल्शियम मिळतं. एप्रिलमध्ये पंखा चालू असताना दिवसाला ३ लिटर उडत असेल, तर दीड डीकेएचच्या वर जातोय. जून उलटला, सरींवर सरी सुरू झाल्या, घरात कपडेही वाळेनात, की तीच टाकी दीड लिटरवर येते. तुमचा हात बदललेला नाही, बाटली तीच, नळी तीच, पण टाकीला निम्मंच मिळतंय. प्रवाळांची भूक मात्र उन्हाळ्याएवढीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये ‘काहीच केलं नाही तरी केएच पडला’ अशी पत्रं येतात, त्यांतल्या पुष्कळांचं कारण हे असतं. पावसाळ्यात कल्कवासरसोबत वर सांगितलेल्या दोन बाटल्यांचा जोड द्या आणि थंडी सरून हवा कोरडी झाली की तो कमी करा. हवा पालटते त्या दिवसांत, म्हणजे जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात, केएच रोज मोजा.

त्याच दिवसांत दारं-खिडक्या बंद राहतात, घरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच खाली येतो. त्याला घाबरून सोडा घालणारे खूप आहेत. कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो, अल्कलिनिटी उतरत नाही. आधी केएच मोजा. तो जागेवर असेल तर एक खिडकी किलकिली करा.

प्रश्न : मी दर महिन्याला अनमोड घाटाने गोव्याला जातो. येताना समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं तर साल्ट (टाकीचं खारं पाणी बनवायचं तयार मीठ) विकत घ्यायला नको आणि कॅल्शियमही आपोआप मिळेल ना? शिंपल्याही आणून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, टाकाव्यात असा विचार आहे.
— खानापूर

उत्तर : समुद्राचं चांगलं पाणी हे सर्वांत उत्तम पाणी, त्यात वाद नाही. ३५ पीपीटी (दर हजार भागांत ३५ भाग) खारेपणाला त्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ. पण तुम्ही भरणार किनाऱ्यावर, आणि गोव्याच्या किनाऱ्याला मांडवी-झुआरीसारख्या नद्या मिळतात. पावसाळ्यात त्या एवढं गोडं पाणी आणून ओततात की किनाऱ्याजवळचा खारेपणा कितीतरी उतरतो. खारेपणा २५ वर आला असेल तर कॅल्शियम ३०० राहिलं. त्यात गाळ, होड्यांचं तेल, सांडपाणी. जून ते ऑक्टोबर तर विचारही करू नका. कोरड्या दिवसांत, भरतीच्या वेळी, नदीच्या मुखापासून लांब मिळालं तर आणा. पण टाकीत घालण्याआधी खारेपणा, केएच, कॅल्शियम तिन्ही मोजा. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर आधी तो घ्या. मला विचाराल तर साल्टच बरं, कारण दर वेळी पाणी तेच मिळतं. साल्टची पिशवी उघडली की हवाबंद डब्यात भरा. पावसाळ्यात ओल धरून खडे झालेल्या साल्टमधलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट तिथेच एकमेकांना धरून बसतं आणि मग ते पाण्यात उतरत नाही.

शिंपल्यांचा उपयोग नाही. शिंपल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात हे बरोबर, पण ८ च्या वरच्या पीएचला समुद्राच्या पाण्यात त्या विरघळत नाहीत. त्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आधीच त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असतं. मोठ्या टाक्यांना लावतात त्या कॅल्शियम रिॲक्टरमध्ये प्रवाळाचा चुरा विरघळतो, कारण आत कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणलेला असतो. याच कारणाने हाडांसाठी डॉक्टर देतात त्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालण्यातही अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या टाकीत मासे जास्त, प्रवाळ थोडे. केएच आठवड्यात १ ने कमी होतो, कॅल्शियम मात्र अजिबात हलत नाही. किट खराब आहे का?
— संकेश्वर

उत्तर : किट खराब आहे का, हे घरीच तपासता येतं. ३ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिलि घेऊन त्यात पाणी घालून पुन्हा एक लिटर करा. या पाण्याचा केएच बरोबर १० येतो. तुमच्या किटने ९ दाखवला तर सगळे आकडे त्या हिशोबाने वाचा, ६ दाखवला तर किट टाकून द्या. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली किट लवकर बिघडतात.

मोजतानाही हात सांभाळा. बाटली सरळ उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. थेंबाला एक डीकेएच देणारी किट असेल तर ५ मिलिऐवजी १० मिलि पाणी घ्या, मग एक थेंब म्हणजे अर्धा डीकेएच. माझ्या किटमध्ये पाणी आधी निळं असतं. शेवटाला आलं की थेंब पडतो तिथे पिवळा ठिपका उमटून हलवल्यावर विरतो, मग सगळं पाणी क्षणभर हिरवट होतं आणि पुढच्या थेंबाला स्वच्छ पिवळं. हिरवटावर थांबू नका. पांढरा कागद मागे धरून दिवसाच्या उजेडात बघा.

किट बरोबर निघाली तर उत्तर माशांत आहे. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या कामात अल्कलिनिटी खर्च होते. नायट्रेट ५० पीपीएमने वाढलं तर साधारण २.३ डीकेएच जातो आणि कॅल्शियमला धक्काही लागत नाही. त्यामुळे तुम्ही नायट्रेट मोजा. ते वाढत असेल तर खाणं आवरा, पाणी बदला, आणि कमी पडलेला केएच नुसत्या सोड्याने भरा. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने १ डीकेएच वाढतो. कॅल्शियमची बाटली यात नको. नायट्रेट स्थिर असेल, तर मात्र पहिल्या उत्तरातली कोठीची गोष्ट लागू. १ डीकेएचच्या जोडीला गेलेलं ७ पीपीएम कॅल्शियम तुमच्या किटला दिसत नाही एवढंच.

प्रश्न : कितीही घातलं तरी कॅल्शियम ३५० च्या वर जात नाही. केएच १२ आहे. हीटरवर आणि पंपावर पांढरा कडक थर बसतो, वाळूचीही ढेकळं झालीत. आणखी कॅल्शियम घालू का?
— कारवार

उत्तर : आजपासून दोन्ही घालणं बंद. तुम्ही घालताय ते कॅल्शियम हीटरवर आणि वाळूत जाऊन बसतंय. हीटर गरम आणि गरम जागी कॅल्शियम कार्बोनेट लवकर बाहेर पडतं, म्हणून थर तिथे आधी दिसतो.

मॅग्नेशियम मोजा. १०००-११०० च्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे. साखरेच्या पाकात लिंबू पिळलं की पाक खडे धरत नाही, तसं मॅग्नेशियम पाण्यात काम करतं. कार्बोनेटचा स्फटिक धरायला लागला की ते त्याच्या पृष्ठभागात घुसतं आणि त्याची वाढ अडवतं. ते कमी असेल तर कॅल्शियम आणि केएच दोन्ही एकदम वर राहूच शकत नाहीत, एकाला चढवलं की दुसरं पडतं. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट घ्या. १०० लिटरला ८४ ग्रॅमने १०० पीपीएम वाढतं. एका दिवसात सगळं न घालता ३-४ दिवसांत वाटून घाला आणि १३०० पर्यंत न्या. नुसत्या एप्सम सॉल्टवर (मॅग्नेशियम सल्फेटवर) भागवू नका, सल्फेट वाढत जातं. तोवर केएच आपोआप ८-९ वर उतरेल. मग कॅल्शियम रोज थोडं थोडं वाढवून ४०० च्या पुढे आणा आणि तिथून पुढे रोजचा खर्च काढून भरा. हीटर बंद करून, गार झाल्यावर, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. थर फसफसून सुटतो.

प्रश्न : प्यायच्या पाण्याचा घरचा आरओ चालेल का? बाहेर टाकीसाठी वेगळा आरओ महाग सांगतात.
— वडगाव, बेळगाव

उत्तर : प्यायच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजांचं काडतूस बसवलेलं असतं. त्या मिश्रणासकट ते पाणी टाकीला नको. मेकॅनिकला सांगून आरओच्या पडद्यामागून (मेम्ब्रेननंतर), मिसळण्याच्या आधी, एक नळी काढून घ्या आणि तिला उरलेले क्षार काढून टाकणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं जोडा. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेव्हा ते पाणी वापरा. नळाला राकसकोप जलाशयाचं येवो, हिडकल धरणाचं येवो की घरची बोअर असो, नियम तोच. बोअरचं पाणी टॉपअपला वापरणाऱ्यांचा केएच रोज स्वतःहून चढत राहतो आणि त्यांना कारण सापडत नाही.

प्रश्न : मालवणला गेलो होतो. तिथे एकाने समुद्रातून काढलेला जिवंत प्रवाळ स्वस्तात देतो म्हटलं. टाकीत जगेल का?
— निपाणी

उत्तर : घेऊ नका. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून आहेत. ते काढणं, विकणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यात मेलेला सांगाडाही आला. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आपल्याच कर्नाटकात मुर्डेश्वरसमोर नेत्राणी बेटाभोवती प्रवाळ आहेत, तिथेही पाण्यात उतरून नुसतं बघायचं. आपण टाकीत केएचच्या दशांशासाठी जीव टाकतो आणि तिकडे त्याच जिवाला पहारीने उचकटून आणायचं, हे मला सहन होत नाही. टाकीतले प्रवाळ कागदपत्रांसह आयात झालेल्या आणि टाकीतच वाढवलेल्या तुकड्यांपासून आलेले हवेत. विक्रेत्याकडे कागद मागा, नोंदणीचं वनखात्यात विचारा. कागद नाही म्हणाला तर त्या दुकानाची पायरी चढू नका.

प्रश्न : माझ्याकडे ८० लिटरची टाकी आहे. मशरूम, झोआ आणि एक लेदर कोरल, बस्स. हे सगळं डोसिंग मलाही करावं लागेल का?
— भालकी

उत्तर : नाही. हे मऊ प्रवाळ दगडी सांगाडा बांधत नाहीत, त्यांचा कॅल्शियमचा खर्च अगदी थोडा. दर आठवड्याला ८-१० लिटर पाणी चांगल्या साल्टने बदला, तेवढ्याने भागतं. फक्त साल्टचा केएच तुमच्या टाकीच्या जवळपास असावा, म्हणजे पाणी बदलतानाही उडी बसणार नाही. काचेवर गुलाबी-जांभळ्या कोरलाइन शेवाळाचे डाग वेगाने पसरायला लागले तर केएच महिन्यातून दोनदा मोजायला लागा, कारण तेही कॅल्शियम खातं. बाटल्या विकत आणायची घाई करू नका.